फोर बाय फोर चिखलात रुतली तर: फावड्यापासून दोरीपर्यंत सगळं

जुलैतला रविवार होता, मुरबाडच्या पुढे माळशेजचा रस्ता सोडून आत एका वाडीकडे निघालो होतो, रस्ता एक गाडी जेमतेम जाईल एवढाच. समोरून टेम्पो आला, मी मोठ्या मनाने थार डावीकडे घेतली. साइडपट्टी मस्त हिरवीगार दिसत होती, वर गवत होतं आणि गवताखाली काहीच नव्हतं. डावी दोन्ही चाकं सरळ भाताच्या खाचरात. फोर बाय फोर आहे, म्हणजे इंजिनचा जोर चारही चाकांना, म्हटल्यावर टेन्शन कसलं, फोर लो टाकलं (चारही चाकांना जोर, वेग कमी, ताकद जास्त) आणि दिला ॲक्सिलेटर, दहाएक सेकंद चांगला दाबून धरला, तेवढ्यात उजवी बाजूपण घसरून खाली आली आणि गाडी पोटावर बसली. बायको शांतपणे म्हणाली, "झालं?" त्यानंतर गाडी बाहेर यायला तीन तास लागले आणि त्यातले अडीच तास त्या दहा सेकंदांचे होते हे मला नंतर कळलं.

मुंबईत आपल्याला पाण्यातल्या गाडीची भीती आहे, २६ जुलै २००५ ज्यांनी बघितलाय त्यांना इंजिनात पाणी जाणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पण चिखलाची तेवढी अक्कल आपल्याला नाही, कारण दहिसर-मुलुंडच्या आत चिखल भेटतच नाही, भेटतात ते खड्डे. म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतोय. थार, जिम्नी, जिप्सी, गुरखा कुठलीही असो, पद्धत साधारण हीच.

पाय काढा

गाडी पुढे सरकायची थांबली पण चाक फिरतंय, असं वाटलं त्या क्षणी ॲक्सिलेटरवरून पाय काढायचा. टायरच्या नक्षीत चिकणमाती भरली की तो टायर टकल्या टायरसारखाच झाला, मग तो पुढे ढकलत नाही, फक्त खाली खणतो. थोडं खणलं की चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, आणि मागचा ॲक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा दांडा, मातीवर टेकतो आणि चाकावरचं वजनच निघून जातं. अशा वेळी चारही चाकं फिरली तरी उपयोग शून्य, गाडी पोटावर बसलेली असते.

एकच प्रयत्न परवडतो, तोही मागे. ज्या वाटेने आलात ती माती तुमच्या चाकांनी आधीच दाबलेली असते, पुढे काय आहे ते देवाला माहीत. स्टेअरिंग सरळ करा, आणि ते कुणाला तरी बाहेरून बघून सांगायला लावा कारण चिखलात पुढची चाकं कुठे वळलीयत ते हाताला कळत नाही. गाडी पूर्ण थांबवून न्यूट्रलमध्ये फोर लो टाका, ईएसपीचं बटण असेल तर बंद करा नाहीतर चाक घसरलं की ते पॉवरच कापतं, डिफ लॉक (दोन्ही बाजूंची चाकं एकत्रच फिरायला लावतो तो) असेल तर आत्ताच लावा, चाक गरागरा फिरत असताना नाही. मग रिव्हर्स, हळू. चाक एक पूर्ण फेरा फिरलं आणि गाडी वीतभर हलली नाही तर संपलं, इंजिन बंद करून खाली उतरा.

मॅन्युअलवाले मागे-पुढे झोका देऊन बघतात, ते चालतं पण दोन-तीन झोके, बास. क्लचचा जळका वास आला म्हणजे उशीर झालेला असतो, आणि ऑटोमॅटिकमध्ये डी-आर-डी-आर करत बसलात तर गिअरबॉक्सचं ऑइल तापतं. डिफ लॉक नसलेल्या जुन्या जिप्सीसारख्या गाडीत अजून एक जुगाड आहे, एकच मागचं चाक फिरत असेल तर हँडब्रेक दोन-तीन टिक ओढून हळू ॲक्सिलेटर द्यायचा, फिरणारं चाक अडतं आणि थोडा जोर दुसऱ्या चाकाकडे जातो. कधी कधी चमत्कार होतो, नेहमी नाही.

उतरा आणि नीट बघा

आधी सायलेन्सर. मागचा पाइप चिखलात बुडला असेल आणि एसीसाठी इंजिन चालू ठेवून पोरं आत बसलेली असतील तर कार्बन मोनॉक्साइड आत येऊ शकतो, त्याला वास नसतो. पाइप मोकळा होईपर्यंत इंजिन बंद आणि सगळी जनता बाहेर, छत्री घेऊन उभी राहू दे.

मग खोली. लष्करात रुतलेल्या गाड्या काढताना एक ढोबळ हिशोब वापरतात तो लक्षात ठेवण्यासारखा आहे: चाक हबपर्यंत, म्हणजे मधल्या भागापर्यंत, रुतलं असेल तर गाडी काढायला साधारण तिच्या वजनाएवढा जोर लागतो, हबच्या वर मडगार्डपर्यंत गेली असेल तर दुप्पट, आणि केबिनपर्यंत बसली असेल तर तिप्पट. माणसं आणि सामानासकट थार दोन टन धरा, मडगार्डपर्यंत रुतली म्हणजे चार टनांचा जोर. आपल्याकडे हौसेने लावतात ती ९,५०० पाउंडवाली विंच (ड्रमवर दोरी गुंडाळून गाडी ओढणारी मोटर) साधारण ४,३०० किलो ओढते, तेपण ड्रमवर दोरीचा फक्त शेवटचा थर उरलेला असताना. म्हणजे विंच आहे तरी काठावर पास. आता हाच हिशोब उलटा करा, अर्धा तास खणून गाडी मडगार्डवरून हबपर्यंत मोकळी केलीत तर चारचे दोन टन झाले, एक रुपया खर्च न करता. सगळ्यांना गाडी रुतल्या रुतल्या दोरी बांधायची घाई असते, मलापण होती, आणि तिथेच बंपर तुटतात, माणसं जखमी होतात.

खणणं, म्हणजे खरं काम

लागणारं सामान काय, एक फावडं, शक्यतो आखूड दांड्याचं कारण गाडीखाली लांब दांडा फिरत नाही, एक कुदळ, एक घमेलं आणि जमली तर पहार. ते घडीचं मिलिटरी फावडं ऑनलाइन फोटोत भारी दिसतं, आपल्या चिकणमातीत त्याचा स्क्रू दहा मिनिटांत ढिला होतो.

पाणी साचलं असेल तर आधी पाणी. हे मला त्या दिवशी बांधावर येऊन उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्या काकांनी शिकवलं, मी गुडघाभर पाण्यात फावडं मारत होतो आणि मारलेली माती परत आत येत होती, ते पाच मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "पानी सोरा आदी, मंग गारी." खाचराला बांधात एका बाजूला तोंड ठेवलेलं असतं, ते उघडलं की पाणी खालच्या खाचरात उतरतं. पण हे आपल्या मनाने करायचं नाही हां, ते पाणी लावणीसाठी अडवलेलं असतं, शेतकऱ्याला विचारायचं आणि तो म्हणेल तिथूनच सोडायचं. खाचर नसेल, नुसता कच्चा रस्ता असेल तर उताराच्या बाजूला वीतभर रुंद चर काढा, पाणी आपोआप निघतं.

भाताच्या खाचराबद्दल एक चांगली बातमीपण आहे. दरवर्षी चिखलणी करून करून वरचा वीतभर थर लोण्यासारखा झालेला असतो पण त्याच्या खाली दाबलेला कडक थर असतो, तो नसता तर पाणीच थांबलं नसतं. तुमच्या चाकाला तो कडक थर लागला की पकड मिळते, म्हणून चाक गरागरा फिरवून तो थर फोडायचा नाही. काठीने टोचून बघा किती खाली आहे ते. खाडीच्या गाळाला असा तळ नसतो, त्याचं पुढे सांगतो.

खणायचा क्रम असा. सगळ्यात आधी पोटाखालची माती, कारण गाडीचं वजन चाकांवर परत आलं पाहिजे. थार आणि जिम्नीला मागे सॉलिड ॲक्सल आहे, त्याच्या मध्ये डिफरन्शियलचा जो गोल डबा लटकतो तो दोन चाकोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावर नांगरासारखा रुततो, जिम्नी आणि जिप्सीला तर पुढेपण तेच. तो मोकळा झाला का ते हात घालून बघा. गाडीखाली पूर्ण सरपटत जायचं नाही, बाजूने फावड्याने किंवा पहारीने माती ओढून काढायची, गाडी कधी बसेल सांगता येत नाही. मग प्रत्येक चाकासमोर, म्हणजे ज्या दिशेने निघायचंय त्या बाजूला, चाकाच्या तळापासून वर येणारा उतार काढा. उभी भिंत ठेवलीत तर चाक ती चढत नाही. हा उतार जितका लांब तितका चांगला, हात-दोन हात तरी पाहिजेच, कंटाळा येतो पण काढा, चारही चाकांना काढा, तीनला काढून चौथं सोडलंत तर तेच चाक अडवतं.

आणि तो चिकटपणा. चप्पल चिखलात अडकली की सरळ वर ओढून निघत नाही, टाच तिरकी केली की फस्सकन हवा जाते आणि निघते, गाडीचं तेच आहे. टायरच्या दोन्ही बाजूंनी आणि गाडीच्या दाराखालच्या पट्टीखाली पहार खुपसून हलवायची, हवा आत गेली पाहिजे. हे न करता ओढलं तर निम्मा जोर नुसता चिखल सोडवण्यात जातो.

हवा कमी करा

रस्त्यावर टायरमधल्या हवेचा दाब ३० च्या आसपास पीएसआय असतो ते चिखलात १८ ते २० वर आणा, टायर पसरतो, लांब होतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं. १५ च्या खाली जाऊ नका, वळताना टायर रिमवरून सुटतो आणि मग चिखलात टायर बसवायची मजा वेगळीच. खरं तर हे चिखलात शिरायच्या आधी करायचं असतं, रुतल्यावर वॉल्व्ह शोधायलापण खणावं लागतं. बारा व्होल्टचा कंप्रेसर गाडीत असेल तरच हवा काढा, कारण १८ वर हायवेला ८० ने गेलात तर टायर तापून फाटतो.

चाकाखाली काहीतरी द्या

ट्रॅक्शन बोर्ड, म्हणजे चाकाखाली द्यायच्या दातेरी पट्ट्या, असतील तर उत्तम, दाते वर करून टायरच्या अगदी खाली ठोकून घुसवा, नुसते समोर ठेवले तर टायर त्यांना पुढे ढकलत राहतो. चाक फिरवत ठेवलं तर दाते वितळतात, दोन हजारांची जोडी असो की वीस हजारांची. बोर्ड नसतील तर बांबू, फळ्या, दगड, गोणपाट, जे मिळेल ते. पेंढापण छान काम करतो, फक्त चाकाखालीच टाका, गरम सायलेन्सरला लागेल असा कोंबू नका, वाळका पेंढा पेटतो. गाडीतली रबरी मॅट टाकू नका, ती मागे गोळीसारखी उडते आणि मागे नेमका मेव्हणा उभा असतो. चाक फिरताना मागे-पुढे कुणीच नको, बोर्डसुद्धा उडतात.

जॅक लावायचा झाला तर खाली दीड फूट बाय दीड फूट जाड प्लायवूड ठेवा, नाहीतर गाडी वर यायच्या ऐवजी जॅक खाली जातो. चाक उचलून त्याखालचा खड्डा दगडांनी भरायचा, ही हळू पण खात्रीची पद्धत आहे, एकटे असाल तर हीच. तो उंच फार्म जॅक मात्र शिकल्याशिवाय हातात घेऊ नका, त्याचा दांडा सुटला तर जबडा जातो.

एवढं झाल्यावर निम्म्या वेळा गाडी आपल्या पायांनी बाहेर येते. फोर लो, मॅन्युअल असेल तर दुसरा गिअर कारण पहिल्यात चाक पटकन सुटतं, क्लच सावकाश, ॲक्सिलेटर अंड्यावर पाय ठेवल्यासारखा. हलली की थांबू नका, स्टेअरिंग थोडं थोडं डावी-उजवी हलवा म्हणजे टायरच्या कडेला पकड मिळते, आणि पक्की जमीन लागेपर्यंत फोटो वगैरे काही नाही.

दुसऱ्या गाडीने ओढणं

इथे माणसं मरतात म्हणून हा भाग दोनदा वाचा.

दोरी कुठे बांधायची हे पहिलं. चेसिसला बोल्ट केलेला रिकव्हरी पॉइंट किंवा हुक, बास. टो बॉलला, म्हणजे मागे ट्रेलर जोडायच्या गोळ्याला, कधीच नाही, तो गोळा तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा काचेतून आत येतो. बंपरला नाही, सस्पेन्शनला नाही, ॲक्सलला नाही. गाडीबरोबर जो स्क्रूचा हुक मिळतो तो बंद गाडी सपाट रस्त्यावर ओढण्यासाठी आहे, झटक्यासाठी नाही.

दोरी दोन प्रकारची. साधा टोइंगचा पट्टा ताणत नाही, त्याने फक्त सावकाश ओढायचं, झटका दिलात तर काहीतरी तुटणारच. स्नॅच पट्टा किंवा कायनेटिक रोप नायलॉनचा असतो, तो पट्टा साधारण २० टक्के आणि रोप ३० टक्क्यांपर्यंत ताणला जातो आणि रबरासारखी गाडी ओढून काढतो. त्याची तुटण्याची क्षमता भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दोन ते तीन पट हवी. जास्त जाड घेतला म्हणजे जास्त चांगला असं नाही, जिम्नीसारख्या हलक्या गाडीला फार जाड रोप ताणतच नाही आणि सगळा हिसका चेसिसला बसतो.

शॅकल, म्हणजे पट्टा हुकाला जोडायची पिनवाली लोखंडी कडी, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला ढिगाने मिळतात, पण ज्यावर क्षमता कोरलेली नाही ते फुकट दिले तरी घेऊ नका. आपल्या गाड्यांना ४.७५ टन कोरलेला बो शॅकल बरोबर बसतो. पिन पूर्ण आवळून मग थोडी उलटी फिरवायची, नाहीतर ओढल्यावर जाम होते. दोन पट्टे जोडायला मध्ये लोखंडी शॅकल घालायचा नाही, पट्टा तुटला की तो शॅकल उडतो.

मग ओढायची पद्धत. दोन्ही गाड्या शक्य तितक्या एका रेषेत, मध्ये पट्टा दोनेक मीटर ढिला, जमिनीवर एसच्या आकारात. पट्ट्याच्या मध्यावर ओली गोणी किंवा जाड जॅकेट टाका म्हणजे तुटला तर खाली पडेल. बघे लोक पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट लांब, आणि बाजूला, रेषेत कुणीच नाही. गावात गाडी रुतली की पंधरा माणसं जमतात आणि प्रत्येकाला पट्टा ओलांडून पलीकडे जायचं असतं, एकाला फक्त गर्दी सांभाळायलाच उभा करा. इशारे देणारा एकच माणूस, बाकी सगळ्यांची तोंडं बंद. ओढणारी गाडी फोर लोमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरला, आठ-दहा किलोमीटरच्या वर वेग नाही, आणि पट्टा ताणला की रुतलेल्या गाडीनेपण हळू ॲक्सिलेटर द्यायचा. नाही आली तर वेग वाढवायचा नाही, परत फावडं घ्यायचं. आमच्या ग्रुपमधल्या एकाने "अजून जोरात" म्हणून हुक उपटून घेतला होता, दोन्ही गाड्यांचे ड्रायव्हर आजही एकमेकांशी नीट बोलत नाहीत.

ट्रॅक्टर आला तर देव पावला, पण दोन गोष्टी दादांना नम्रपणे सांगा. दोरी ट्रॅक्टरच्या खालच्या ड्रॉबारला बांधायची, वर टॉप लिंकला नाही, वर बांधली तर पुढची चाकं उचलून ट्रॅक्टर मागे उलटतो. आणि झटका नको, खालच्या गिअरला सावकाश. बरेचदा त्यांच्याकडे साखळी असते, साखळी ताणत नाही आणि तुटली की लोखंडच उडतं, म्हणून तुमचा पट्टा द्या. जेसीबीवाला बहुतेक वेळा बकेटने उचलू म्हणतो, त्याला हात जोडा, तो बंपर आणि रेडिएटर दोन्ही घेऊन वर येतो. कंपनीच्या हेल्पलाइनला फोन जरूर करा, पण रस्ता सोडून शेतात म्हटलं की टो व्हॅन बहुतेक वेळा येत नाही.

विंच असेल तर झाडाला रुंद पट्टा गुंडाळा, बुंध्याच्या शक्य तितक्या खाली, नुसता वायर रोप गुंडाळला तर झाडाची साल जाते आणि झाड मरतं. ड्रमवर स्टीलचे पाच-सहा वेढे राहिलेच पाहिजेत, सिंथेटिक असेल तर आठ-दहा. पुली लावून दोरी परत गाडीकडे आणली की जोर जवळजवळ दुप्पट होतो आणि वेग निम्मा, पुलीला वजन नाही पण रविवार वाचतो. झाड नसेल तर स्टेपनी कमरेएवढ्या खड्ड्यात उभी पुरून तिला ओढायचं, तेवढं खणण्यापेक्षा मी गावातून ट्रॅक्टर बोलावेन.

खाडी आणि किनारा

गोराई, केळवा, अलिबाग, दरवर्षी कुठे ना कुठे एक गाडी भरतीत बुडतेच. ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सहा तास असतात आणि उधाणाला मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं, सपाट किनाऱ्यावर ते बघता बघता येतं. तिथे रुतलात तर सगळ्यात आधी मोबाइलवर भरतीची वेळ बघा, मग ठरवा. वेळ कमी असेल तर खणत बसू नका, माणसं बाहेर, कागदपत्रं बाहेर, ट्रॅक्टरला फोन. खारफुटीजवळच्या काळ्या गाळाला तळ लागत नाही, तिथे चालतसुद्धा जाऊ नका. आणि किनाऱ्यावर गाडी घातली म्हणून पोलीस गुन्हा दाखल करतात, तेव्हा दोन्हीकडून मार.

बाहेर आल्यावर

लगेच हायवेला लागू नका. रिमच्या आतल्या बाजूला चिखल वाळला की ८० ला स्टेअरिंग असं थरथरतं की सस्पेन्शन गेलं असंच वाटतं, मी कल्याणपर्यंत तसाच घाबरत आलो होतो. काठीने रिम खरवडा, ब्रेक दोन-चारदा दाबून वाळवा, टायरमध्ये हवा भरा, टेम्परेचरच्या काट्यावर लक्ष ठेवा कारण रेडिएटरच्या जाळीत चिखल बसलेला असतो. घरी आल्यावर त्याच दिवशी खालून धुवा, सोसायटीत पाणी नसेल तर सर्व्हिसिंगवाल्याकडे न्या आणि चेसिसच्या आत पाइप घालायला लावा. गाडी ॲक्सलच्या वर बुडाली असेल तर पुढच्या दोन-तीन दिवसांत डिफरन्शियलचं ऑइल काढून बघा, दुधाच्या चहासारखं दिसलं म्हणजे पाणी गेलंय, लगेच बदला.

आणि खाचराचे पैसे. आमच्या गाडीने चार-पाच हात भाताचं रोप चिरडलं होतं आणि बांध एका जागी ढासळला होता. मी पाकीट काढलं तर काका म्हणाले राहू दे, मग मी आणि मेव्हण्याने तोच बांध त्यांच्याच फावड्याने परत थापून दिला, अर्धा तास लागला, शिवाय पैसे काकींच्या हातात दिले. काकांनी बांधाचं तोंड स्वतः येऊन बुजवलं, आमचं थापलेलं त्यांना काही पसंत पडलं नव्हतं.